घुमटूची मान

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजपासून मी राक्षस आहे.

गोदामातलं काम मागच्या आठवड्यात सोडलं. त्याच्या आधी गाड्या धुण्याचं सोडलं होतं. ताई फोनवर म्हणते, "तुझ्या पायाला भिंगरी आहे रे, कुठे बूड टेकत नाही." नवीन काम ऐकून तर ती हसतच सुटली. "इतक्या लांब गेलास ते राक्षस व्हायला? घरी काय कमी होतास?"

मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर सिनेमाची थिएटरं आहेत. तिथे घुमटूचा नवीन पिक्चर लागलाय, सतरावा. घुमटू म्हणजे मुलांचा लाडका कार्टूनचा राक्षस. गोल पोट, जांभळी लोकर, तीन शिंगं, एकच दात. मी लहान होतो तेव्हाही तो होता म्हणे, पण आमच्याकडे तो पोचला नव्हता. त्याचा पोशाख घालून दारात उभं राहायचं, मुलांशी हात मिळवायचा, फोटो काढू द्यायचे. बस्स, एवढंच.

पोशाखाची चेन पाठीला आहे. घालायला आणि काढायला दुसरं माणूस लागतं. आत आधीच्या माणसाच्या घामाचा आणि बामाचा वास. बघायचं घुमटूच्या तोंडातल्या जाळीतून. मोठी माणसं फक्त कमरेपर्यंत दिसतात. मुलं मात्र अख्खी दिसतात.

जाहिरातीचं बघणाऱ्या मॅडमनी नियम सांगितले. बोलायचं नाही, कारण घुमटू पिक्चरमध्येही बोलत नाही. मुलांसमोर डोकं काढायचं नाही, जीव गेला तरी. आणि मुलांना कधी नाही म्हणायचं नाही. मान वरून खाली, खालून वर. आडवी नाही.

"आणि पोराने भलतंच काही विचारलं तर?"

"तरी वरून खालीच. आडवी हलवलीस की मधलं शिंग निघतं. मागच्याने हलवली होती. एक पोरगी रडून रडून निळी पडली."

तिकीट फाडणारे काका बाजूला उभे होते. म्हणाले, "थोडक्यात काय, नंदीबैल."

दिवसभर तोंडाला कुलूप, म्हणून संध्याकाळी हाताने बोलतोय. सातवीत शाळा सुटली तेव्हा मास्तर म्हणाले होते, याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. असू दे. कोंबडी तरी कुणाला वाचायला लिहिते?

१५ नोव्हेंबर, शनिवार

शेपटी तीनदा उपटली. एका मुलाने जाळीतून पॉपकॉर्न घातले. एका बाबाने खांद्यावर हात ठेवून कानात विचारलं, "आतून गरम होतं का हो?" मी मान हलवली. खरं बोलायला मिळालं तेवढंच.

सोमवारी सोडतो हे काम.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सोडलं नाही. आज एक गंमत झाली.

दुपारी खेळ सुरू झाला की बाहेर शुकशुकाट असतो. मी खांबाला टेकून उभा होतो. एक मुलगी आली, सहा-सात वर्षांची, पिवळी लोकरीची टोपी, पाठीला दप्तर. पोस्टरखाली मांडी घालून बसली आणि म्हणाली, "दमलास ना? बस. कोणी नाहीये."

मी बसलो. बसल्यावर उठता येत नाही हे तेव्हा कळलं.

मग तिने मला माझीच गोष्ट सांगितली. पहिल्या भागात घुमटू अंड्यातून कसा निघाला, तिसऱ्यात त्याचा दात कसा पडला, नवव्यात वाळूचं वादळ आलं तेव्हा त्याने गुहेच्या सगळ्या फटी शेवाळाने कशा बुजवल्या. मी मान हलवत राहिलो. ती म्हणाली, "तुला सगळं आठवतंय!" जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला हुशार समजलं.

नवीन भागात फुंकऱ्या आहे म्हणाली. तो दिसत नाही. फटीतून येतो आणि फुंकर मारतो. मग गावातली माणसं एकेक करून झोपतात आणि उठत नाहीत. पोस्टरवर त्याची नुसती राखाडी शेपटी काढलीय.

ती गेल्यावर मला उठवायला काका आणि सफाईवाला दोघं लागले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पिवळी टोपी रोज येते. शाळा सुटली की तिची आई सुटेपर्यंत मॉलमध्येच असते. मला पिक्चरची गोष्ट तुकड्यातुकड्याने सांगते, रोजचा एक भाग, टीव्हीवर असतं तसं.

आजचा भाग: फुंकऱ्या एका लोखंडी पेटीत राहतो. पेटी भिंतीला लावलेली आहे. आधी त्याचे डोळे निळे होते, आता पिवळे झालेत. पेटीच्या वरची भिंत काळी पडलीय, कारण तिथे त्याचा श्वास लागतो.

काय डोकं लढवतात हे पिक्चरवाले! माझ्या अंगावर त्या एवढ्या गरम पोशाखातही काटा आला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

थंडी वाढली. खोलीवर दाढीशी भांडण झालं. दाढी म्हणजे माझा खोलीतला सोबती, भाजीची गाडी चालवतो. आमच्या खोलीत एक गॅसचा हीटर आहे. तो लावला की हा गडी खिडकी बोटभर उघडी ठेवतो. मी म्हटलं, "अरे, एका हाताने तापवायचं आणि दुसऱ्या हाताने गार करायचं, हा कुठला शहाणपणा?"

"झोप गप."

मी उठून खिडकी लावली. तो उठला, उघडली. मी लावली. त्याने माझी उशी खिडकीबाहेर टाकली. खाली जाऊन आणावी लागली, पायरीवर बसलेल्या मांजराच्या अंगाखालून. परत येईपर्यंत खिडकी उघडी आणि दाढी खिडकीला पाठ लावून झोपलेला. येडं आहे ते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

एका वाढदिवसाच्या टोळक्याने घुमटूची बगल फाडली. मॅडम म्हणाल्या, वरच्या मजल्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, शिवून आण. गेलो, पोशाख खांद्यावर टाकून. शिवणारी बाई तिशीची असेल. जांभळी लोकर बघून हसली.

"अच्छा, म्हणजे तुम्ही होय ते! माझ्या लेकीचं डोकं तुम्हीच खाता."

पिवळी टोपी तिची मुलगी निघाली. मी म्हटलं, "मी कुठे खातो ताई, तीच माझं खाते."

"तिला सांगू नका हं भाऊ, आत तुम्ही असता ते. नवीन जागा, नवीन शाळा. तिचा एवढा एकच दोस्त आहे." मग सुई ओवता ओवता विचारलं, "काय बोलते हो ती तुमच्याशी एवढं?"

"पिक्चरची गोष्ट सांगते."

"हो, ते वेडच आहे तिला."

शिवताना तिने दोनदा सुई बोटाला टोचून घेतली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "सकाळी डोकं नुसतं दगड होतं. मळमळतं. इथे आले की तासाभरात बरं वाटतं. घर खायला उठतं हल्ली."

मला ताईची आठवण झाली. भाऊजी वर्षभर बाहेरगावी होते तेव्हा तीही असंच म्हणायची. एकटं माणूस, घरात म्हातारी सासू, लहान पोर. घर खायला उठणारच. मी म्हटलं, "होईल सवय."

"सासूबाईंना तर थंडी सोसतच नाही. भावाने कुठून तरी जुना हीटर आणून बसवून दिलाय, म्हणून बरं. त्या दिवसभर त्याच्याजवळच असतात."

शिवण झकास झाली. बगल आता आधीपेक्षा मजबूत आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा भाग वाईट होता. गोष्टीत एक छोटा हिरवा पोपट होता, आजीचा. फुंकऱ्याने आधी त्याला झोपवलं. तो दांडीवरून खाली पडला, पिंजऱ्यात, पाय वर. आई म्हणाली म्हातारा झाला होता. पण तो म्हातारा नव्हता.

सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मला जाळी तिच्या तोंडाजवळ न्यावी लागली. लहान मुलांच्या पिक्चरमध्ये पोपट मारतात का कुणी? लिहिणाऱ्याला दोन दिल्या पाहिजेत.

मी तिला पंजाने थोपटलं. ती म्हणाली, "तू आहेस म्हणून मला भीती नाही वाटत."

मी मान हलवली.

१ डिसेंबर, सोमवार

ती आज धावतच आली. काहीतरी ठरवून आल्यासारखी. दप्तर टाकलं, माझ्या दोन्ही पंज्यांना धरलं आणि विचारलं, "घुमटू, वाळू आली तेव्हा तू सगळ्या फटी बुजवल्यास ना?"

मान.

"मग वाळू आत आली नाही ना?"

मान.

"मग फुंकऱ्यासाठी पण तसंच करायचं? दारं, खिडक्या, सगळ्या फटी?"

मान.

"शेवाळ नाहीये. आईकडच्या चिंध्या चालतील?"

मान. मला वाटलं, घरी खेळणार असेल, खुर्च्यांची गुहा करून. आम्ही पण करायचो, ताई आणि मी, आईच्या साड्यांची.

तिने माझ्या पोटाला मिठी मारली. हात पुरत नाहीत तिचे, शिंप्याने माप घ्यावं तसे दोन्हीकडे पसरतात. मग ती "कुणाला सांगू नकोस" म्हणाली. मी त्यालाही मान हलवली. आतल्या आत मला हसू आलं. घुमटू सांगणार कुणाला?

४ डिसेंबर, गुरुवार

कंटाळा. पाठ दुखते. दाढी म्हणतो त्याच्या गाडीवर हमाल हवाय. जावं का? पण पिवळ्या टोपीला काय वाटेल? एक दिवस घुमटूच्या आत दुसराच कुणी असेल आणि तिला कळणारही नाही. हे जास्त वाईट की कळलेलं जास्त वाईट, ते काही ठरेना.

ती आज फार बोलली नाही. माझ्या पायावर डोकं ठेवून झोपली, अशी गाढ की आई येऊन हलवून हलवून थकली. झोपण्याआधी एवढंच म्हणाली, "अर्ध्या झाल्या. आजीच्या बाजूची खिडकी राहिलीय. ती मोठी आहे."

आई म्हणाली, "किती गुणाची झालीय बघा. एकेका खिडकीला चिंध्या लावतेय, थंडी येऊ नये म्हणून. सासूबाई तर खूष." माझ्याशी बोलली ती हळूच, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून. मुलीला खांद्यावर टाकून गेली. जाताना एकदा भिंतीला धरून थांबली.

गुहा नव्हे तर, खऱ्या खिडक्या. असो. थंडी आहेच.

७ डिसेंबर, रविवार, सकाळी

अक्षर आणखीच बिघडलंय. कामाला निघायच्या आधी लिहून टाकतो, म्हणजे डोकं जागेवर येईल.

काल संध्याकाळी काकांनी मला पिक्चर बघायला आत सोडलं. म्हणाले, "महिना होत आला, ज्याचं सोंग घेतोस त्याला बघ तरी." मी मागच्या रांगेत बसलो. पोपट कधी येतो म्हणून वाट बघत होतो. तिथे डोळे मिटून घ्यायचे असं ठरवलं होतं.

पोपट आलाच नाही. लोखंडी पेटी नाही. काळी भिंत नाही. आजी नाही. फुंकऱ्या तर मुळात वाऱ्याचा पोरका मुलगा असतो, त्याच्याशी कुणी खेळत नाही म्हणून तो माणसांना झोपवतो. शेवटी तो चांगला निघतो. घुमटू त्याला पतंग करून देतो. सगळे उठतात, नाचतात, मुलं टाळ्या वाजवतात.

बाहेर येऊन काकांना म्हटलं, "ती पिवळी टोपी तर वेगळीच गोष्ट सांगत होती."

"ती? तिने कुठे बघितलाय पिक्चर? जाहिरात बघते तेवढीच, पोस्टरच्या पुढे कधी आली नाही पोरगी. आई म्हणते पुढच्या महिन्यात दाखवेन."

तरी मला कळलं नाही. देवाशपथ नाही कळलं. मला वाटलं, काय कल्पना आहे पोरीची! खोलीवर जाऊन दाढीला हसत हसत सांगायला लागलो. पेटी, निळे डोळे पिवळे झाले, पोपट, सगळं. दाढी कांदा चिरत होता. त्याची सुरी थांबली.

"डोळे पिवळे झाले?"

"हो. आधी निळे होते."

"हीटर आहे त्यांच्याकडे?"

तेव्हा मला शिवणाऱ्या बाईच्या भावाने बसवलेला जुना हीटर आठवला.

दाढीने मग सांगितलं. या खोलीच्या आधी तो दुसरीकडे राहायचा, चौघं मिळून. थंडी होती, हीटर लावला, फटीत कागद कोंबले. हा पाणी प्यायला म्हणून बाहेर आला आणि व्हरांड्यातच पडला. आतले तिघं उठलेच नाहीत. "त्या विषारी गॅसला वास नसतो. दिसत नाही. नुसतं डोकं जड होतं आणि झोप येते. ज्योत निळी असली की बरी. पिवळी झाली, भिंत काळी पडली, म्हणजे आत काहीतरी तुंबलंय."

"हे तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"खिडकी उघडी ठेवत होतो ना."

मी त्याला फटी बुजवल्याचं सांगितलं. मान हलवल्याचं सांगितलं. त्याने आधी अंगात जाकीट घातलं.

आम्ही दोघं मॉलवर गेलो. मागच्या दारावर पहारेकरी. दुकान बंद, बाईचं आडनाव माहीत नाही, घर माहीत नाही. पहारेकरी म्हणाला, "कपडे शिवणाऱ्या बाईचा पत्ता? या वेळी? काय डोकंबिकं फिरलंय?" दाढी त्याच्या अंगावर धावला. मग मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या उद्या सकाळी दुकान उघडेलच की, एवढी काय आग लागलीय?

आग लागली असती तर दिसली तरी असती.

मॉल उघडतोय. निघतो. आई दुकानात आली की पहिलं तिला सांगायचं. बास.

९ डिसेंबर, मंगळवार

रविवारचं आज लिहितोय.

सकाळी पोचलो तर मॅडमनी आधी पोशाख चढवला. मुलांचा मोठा जथा यायचा होता. मी म्हटलं मला वर जायचंय. त्या म्हणाल्या, असाच जा, तेवढीच जाहिरात. पाठीची चेन लावून त्या निघून गेल्या.

वर गेलो. दुकानाचं शटर खाली. शेजारी किल्लीवाला बसतो. त्याला नियमबियम सोडून आतून ओरडून विचारलं. तो दचकून स्टुलावरून उठला. म्हणाला, "आज आली नाही. फोन उचलत नाही. अशी कधी करत नाही ती."

"राहते कुठे?"

"मोठ्या लॉन्ड्रीच्या मागे, हिरवा जिना. काय झालं?"

"अँब्युलन्स बोलवा. गॅस."

चेन काढायला थांबलो नाही. डोकं तेवढं उपसून काखेत धरलं आणि सरकत्या जिन्यावरून उलट्या दिशेने उतरलो. रस्त्यात लोक हसत होते. गाड्या हॉर्न देत होत्या. चार-पाच मुलं "घुमटू, घुमटू" करत मागे पळायला लागली. एकाची आई ओरडली, "अहो, एक फोटो!" मी पोट सांभाळत पळत होतो. जगातली सगळ्यात मूर्ख धाव असेल ती.

हिरव्या जिन्याच्या टोकाला एकच दार. ठोकलं. हाका मारल्या. मग खाली बसलो आणि दाराची फट बघितली.

फट नव्हतीच. एका रंगाची चिंधी संपली की दुसऱ्या रंगाची, नीट घडी करून, पट्टीने आत दाबून, काठाकाठाने भरलेली. किल्लीच्या भोकात पिवळी लोकर. इतकं सुबक काम मी कधी पाहिलं नाही. तिच्या आईचा हात आहे तिला.

दार हलेना. बाजूच्या खिडकीवर घुमटूचं डोकं मारलं. पहिल्यांदा शिंग तुटलं. दुसऱ्यांदा काच.

वास काहीच नव्हता. मी त्या वासाची वाट बघत होतो, वेड्यासारखा. आत नुसतं ऊबदार होतं. कुणीतरी आपल्यासाठी घर तापवून ठेवावं तसं.

आई दारापाशी पडली होती, हात कडीकडे. मुलगी गादीवर, टोपी घालून. कडी काढून दोघींना ओढून जिन्यावर आणलं. श्वास होता. आजी पेटीजवळच्या खाटेवर होती. तिला उचलायला आत गेलो तेव्हाच कळलं, की आता घाई नाही. तरी उचललं. डोक्यावर रिकामा पिंजरा टांगलेला होता, तो माझ्या खांद्याला लागून हलत राहिला.

अँब्युलन्सवाल्याने पाठीची चेन काढून दिली.

११ डिसेंबर, गुरुवार

मी हीरो झालोय. कुणीतरी रस्त्यात माझा व्हिडिओ काढला होता, तो सगळीकडे फिरतोय. राक्षसाने जीव वाचवले. ताईने फोन करून रडून घेतलं. आमची आई म्हणाली, "शेजारीपाजारी विचारतात, तोच का तुमचा उडाणटप्पू?"

मॅडम म्हणाल्या, पिक्चरच्या कंपनीने नवीन डोकं पाठवलंय, जुन्यापेक्षा हलकं. मला कायमचं ठेवून घेणार आहेत. पोरगी बरी झाली की तिच्यासोबत फोटो, पोशाखात. "तुला काही बोलायचं नाहीये. नेहमीसारखं उभं राहायचं."

कुणी मला विचारत नाही की तिने फटी का बुजवल्या. थंडी होती, म्हणून. सगळ्यांना पटतं. तिची आईही तेच सांगते. दाढीला माहीत आहे, पण दाढी कुणाला काही सांगणारा नाही. म्हणजे माहीत असणारी माणसं तीनच. त्यातलं एक सहा-सात वर्षांचं.

दाढीला विचारलं, काय करू? तो म्हणाला, "मला नको विचारू. मी पाणी प्यायला उठलो होतो."

१३ डिसेंबर, शनिवार

दवाखान्यात गेलो. पोशाखाशिवाय. संत्री घेऊन.

आई उठून बसायला लागलीय. खाटेच्या कडेला बसून लेकीला पाणी देत होती. सासूचं सगळं तिच्या भावाने केलं म्हणाली. आवाज बसलेला. "हे बघ कोण आलंय," ती मुलीला म्हणाली. "या दादांनी खिडकी फोडली आपली."

पिवळी टोपी माझ्याकडे बघत राहिली. टोपी नव्हती डोक्यावर, पण मी तिला दुसरं काय म्हणू? मी पहिल्यांदाच तिला जाळीशिवाय बघत होतो. वाटली त्यापेक्षा लहान आहे.

"तू मॉलमध्ये असतोस?"

"हो."

"मग घुमटूला ओळखतोस?"

"ओळखतो."

"त्याला एक निरोप देशील?" ती उशीवरून वर सरकली. "त्याला सांग, मी सगळ्या बुजवल्या होत्या. आजीच्या बाजूची मोठी पण. किल्लीच्या भोकात पण लोकर घातली. तरी फुंकऱ्या आत आला. त्याला विचार, माझी एखादी राहिली असेल का?"

आई म्हणाली, "अगं, थंडीसाठी बुजवल्यास ना त्या?"

"नाही. घुमटूने सांगितलं होतं."

"घुमटू बोलतो तरी का?"

"मी विचारलं. तो हो म्हणाला."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. अजून नाही. हसून सोडून देता आलं असतं. मी दाराकडे बघितलं, मग संत्र्यांच्या पिशवीकडे. मनात आलं, म्हणावं की हो, देतो निरोप. एवढं म्हणून जिना उतरायचा, दाढीच्या गाडीवर बसायचं. पण मग पुढची थंडी येईल. दुसरं घर असेल, दुसरी पेटी. आणि ही पोरगी या वेळी एकही फट राहू नये म्हणून आणखी नीट, आणखी घट्ट बुजवेल.

"तुझी एकही फट राहिली नव्हती," मी म्हणालो. "घुमटू चुकला."

"घुमटू चुकत नाही."

"चुकला. फटी बुजवायच्याच नव्हत्या. उघडायच्या होत्या. तू काय विचारत होतीस तेच त्याला कळलं नाही."

"तुला काय माहीत?" ती चिडली. गालावर रंग आला. "तू काय त्याच्या पोटात होतास?"

"हो."

ती माझे हात बघायला लागली. मग पाय. ज्या पायावर ती झोपली होती तो. खूप वेळ बघितलं. रडली असती तर बरं झालं असतं.

"पोपट कुठून पडला होता?" तिने विचारलं.

"दांडीवरून. पाय वर."

तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकून खोकून गप्प झाला. मग तिने अगदी बारीक आवाजात, मला जाळी जवळ न्यावी लागायची तशा आवाजात, विचारलं, "म्हणजे आजी माझ्यामुळे?"

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

बोलताना आवाज लावायचा किती ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

आईच्या हातात अजून पाण्याचा ग्लास होता. तिने तो खाली ठेवला. सांडलेलं पाणी पदराने पुसलं, कोपऱ्यातून खुर्ची ओढली आणि खाटेच्या आणि दाराच्या मधे आणून ठेवली.

"बसा," ती म्हणाली. भाऊ म्हणाली नाही. "पहिल्यापासून सांगा."

मी बसलो.